टायरला तेल लावू नका

टायर काळा असतो आणि गोल असतो, एवढंच ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं रोज मला टायर शिकवायला येतात. जळकोटला हायवेच्या कडेला आमचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात ट्रक आणि ट्रॅक्टरचे टायर, ते माझे यजमान बघतात. उरलेल्या अर्ध्यात सायकली आणि बॅटरीवरच्या गाड्या, त्या मी बघते. गिऱ्हाईक आत येतं, माझ्याकडं बघतं, मग माझ्या पाठीमागं बघतं. पाठीमागं भिंत आहे. त्या भिंतीला विचारतं, "मालक कुठं हाईत?"

मी म्हणते, "बोला."

"न्हाय, टायरचं काम हुतं."

म्हणजे हातात टायर काढायची पट्टी घेऊन मी तिथं भाकरी थापायला बसलेली असते.

या दिवाळी अंकाच्या लोकांनी मला सांगितलं की तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. गमतीचे फार नाहीत. राग आलेले पुष्कळ आहेत. त्यातला एक लिहिते, कारण तो अजून उतरलेला नाही.

आधी धंदा थोडा समजावते, म्हणजे पुढचं कळेल. बॅटरीची माउंटन बाइक दिसायला सायकलच असते. पायडल आपणच मारायचं, पण मोटार आपल्या पायाला जोर देते, त्यामुळं चढावर छाती फुटत नाही. आपल्याकडं ती कशाला, असं तुळजापूरच्या घाटाखाली राहणारे लोकसुद्धा मला विचारतात. डांबरी रस्ता सोडून कोणत्याही वाडीकडं निघा. आधी मुरूम, मग बरड, मग ओढ्याची वाळू, मग काळं रान, आणि सगळीकडं येडी बाभळ. याच्यावर साधी सायकल रडते.

ही गाडी साध्या सायकलीपेक्षा चांगलीच जड असते. मोटारीची सगळी ओढ मागच्या टायरवर येते, म्हणून मागचा लवकर झिजतो. वळणं आणि थांबणं मुख्यतः पुढच्यावर असतं. मागचा घसरला तर माणूस पाय टेकून सावरतो. पुढचा घसरला तर सावरायला वेळच मिळत नाही, थेट तोंडावर. म्हणून पुढं मऊ रबराचा, जमीन धरणारा टायर घालायचा आणि मागं टणक रबराचा, अंगानं जाड, जो ओझं आणि ओढ सोसेल असा. दोन्हीकडं एकच टायर घालणं म्हणजे पायात आणि हातात एकच मोजा घालण्यासारखं आहे. पण जोडी म्हटलं की जोडी दिसली पाहिजे, असा लोकांचा हट्ट.

टायरवरचे दात जितके दाट तितका टायर चांगला, हा दुसरा हट्ट. काळ्या मातीला पाऊस लागला की दाट दातांत ती गच्च बसते आणि टायरचा गुळगुळीत चिखलाचा गोळा होतो. दात मोकळे पाहिजेत, माती झडली पाहिजे. तिसरा हट्ट हवेचा. ट्रकच्या टायरला वाजवून बघायची सवय, म्हणून सायकलचा टायरही दगड होईपर्यंत भरतात. मग तो खडकावरून उडतो आणि म्हणतात, टायर पकडत नाही. काट्यासाठी ट्यूब काढून आत दुधासारखं एक औषध घालतात. काटा शिरला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. पण आमचा माणूस काटा दिसला की उपटतो. उपटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मग सगळं दूध रस्त्यावर, आणि गाडी डोक्यावर घेऊन दुकानात.

तुळजापूरकडचा एक प्लॉटिंगवाला अशी गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, सगळ्यात जाड टायर टाका. फुडं बी, मागं बी."

"बसणार नाही. टायर आणि फ्रेमच्या मधे बोट शिरलं पाहिजे. नाहीतर चिखलात चाक धरून बसेल."

"मी चिखलात कशाला जातो?"

"मग जाड कशाला?"

"बघणाऱ्याला दिसलं पाहिजे की!"

"बघणारा चालवणार आहे का?"

तो रागानं सोलापूरला गेला आणि तिथून पाहिजे तसले टायर घालून आला. आठवडाभरानं पुन्हा माझ्या दारात. "जरा घासतंय, ताई." मी म्हटलं, जरा नाही, मी सांगितलं होतं तेवढंच घासतंय. असल्या माणसांचा मला राग येतो, पण तो दुपारच्या चहापर्यंत जातो. ज्याच्यासाठी लिहायला बसले तो राग वेगळा आहे.

लोहारा आणि मुरुम या गावांच्या मधल्या वाड्यावस्त्यांवर शेळ्यांना लस टोचायचं काम एक संस्था करते. काम करणाऱ्या सहा बायका आहेत. बर्फाच्या पेटीत लस घालून या घरोघर जातात, शेळ्या धरतात, टोचतात, पुढच्या वस्तीला निघतात. आधी त्या चालत जायच्या, नाहीतर जीप भरण्याची वाट बघत फाट्यावर उभ्या राहायच्या. वाट बघता बघता पेटीतला बर्फ वितळायचा आणि लस फुकट जायची. मग शहरातल्या कुठल्या तरी कंपनीनं संस्थेला सहा बॅटरीच्या माउंटन बाइक दिल्या. संस्थेचे सचिव त्या पिकअपमध्ये घालून माझ्याकडं घेऊन आले. गाड्यांवरचे टायर बघून मला हसू आलं. दाट दातांचे, मऊ, कुठल्या तरी थंड देशातल्या जंगलासाठी केलेले. बाजूनं इतके पातळ की बाभळीच्या काट्याला काम सांगायची गरज नाही.

"हे बदलावे लागतील," मी म्हटलं.

"परदेशी आहेत, ताई. राहू द्या की. फोटोतही बरे दिसतात."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सहाही बायकांना दुकानामागच्या बरडावर नेलं, एका गाडीवर तेच टायर ठेवले, दुसरीवर मी निवडलेले चढवले, मागं पाण्यानं भरलेला कॅन बांधला आणि म्हटलं, दोन्ही चालवा आणि तुम्हीच सांगा. बायका एकमेकींना पुढं ढकलायला लागल्या. "तू जा की." "तूच जा, तुझा नवरा मोटारसायकलवाला हाय." शेवटी महादेवी पुढं आली. तिशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. नवरा पुण्याला कंपनीत, घरात सासू आणि दीर. सातवीनंतर सायकलला हात लावलेला नाही म्हणाली. पहिल्या गाडीवरनं खडीत दोनदा पाय टेकले, दुसरीवर बाभळीपर्यंत जाऊन वळून आली.

आल्यावर तिनं मला विचारलं, "अक्का, पेटी मागं हाय, मंग मागं हवा जास्त ठेवायची का?"

हा प्रश्न मला त्या प्लॉटिंगवाल्यानं कधी विचारला नसता. मी तिला हवा मोजायचा काटा दाखवला, अंगठ्यानं टायर दाबून किती दबला पाहिजे ते दाखवलं. तिनं दोन-तीन वेळा दाबून बघितलं आणि मान हलवली. सहाही जणींनी माझे टायर मागितले. सचिवांनी नाक मुरडलं, पण पैसे दिले.

पुढं दर महिन्याला त्या गाड्या माझ्याकडं यायच्या. महादेवीच्या मागच्या टायरात मी एकदा काटे बघितले तर चाळणी होती, पण दूध आपलं काम करत होतं आणि एकही काटा तिनं उपटला नव्हता. चहा पिताना ती म्हणाली, "अक्का, जीपची वाट बघायची न्हाय, दिराला सोडायला सांगायचं न्हाय. सकाळी बटण दाबते आन् निघते. घरात कुणाला विचारून निघायचं, ही सवयच मोडली बघा." सांगताना तिचा चेहरा मला अजून आठवतो. मी तिला म्हटलं, ब्रेकचे पॅड झिजलेत, पुढच्या वेळी बदलू.

मग दसरा आला.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं लोखंड पूजेला मांडतात. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आता मोटारसायकल, ट्रॅक्टर, मोबाइल सुद्धा. गाडी धुवायची, हळदी-कुंकू लावायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझ्या दुकानातही हवेच्या मशीनला मी हार घालते. पण गाडी नवी दिसावी म्हणून टायर काळेभोर चमकले पाहिजेत, यासाठी फडक्यावर तेल घेऊन टायर चोळतात. कुणी डिझेल लावतो, कुणी जळकं ऑइल, कुणी घरातलं खायचं तेल. ट्रकच्या टायरला कडेनं लावलं तर तो वजनानं निभावून नेतो. दोन चाकांच्या गाडीच्या टायरला, तेही जमिनीला लागणाऱ्या भागाला, तेल लावणं म्हणजे चालवणाऱ्याला साबणावर उभं करणं. रबर तेलानं खराब होतं ते वेगळंच.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी पिकअपमध्ये महादेवीची गाडी आली. सोबत तिचा दीर शिवलिंग आणि महादेवी स्वतः, मनगट प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी, गालावर खरचटलेलं. ओढ्यावरच्या फरशीच्या उतारावर, जिथं रस्ता वळून पाण्यावरनं जातो, तिथं ती पडली होती. पेटी फुटून लस ओढ्यात गेली.

शिवलिंगनं गाडी उतरवली आणि म्हणाला, "ताई, बघा काय झालंय. संस्थेचं सामान हाय." मग रस्ता ओलांडून चहाला गेला.

मी चाक हातात घेतलं आणि बघायचं काही उरलंच नाही. तेलकट टायरला धूळ अशी चिकटते जसा वांग्याच्या कापाला रवा. सगळ्या दातांच्या मधे तो राप होता. अंगठा फिरवला, वास घेतला. करडीचं तेल. ब्रेकची लोखंडी चकती आरशासारखी चमकत होती. पॅडनी तेल पिऊन टाकलं होतं.

"कुणी लावलं?" मी विचारलं.

महादेवीनं गळ्यातली झोळी सारखी केली.

"अगं, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. पुसलं बी फडक्यानं. पूजेचं लावलेलं घासून काढायचं न्हाय म्हणून वरवर पुसलं."

"संस्थेत काय सांगितलंस?"

"माझाच तोल गेला म्हणून सांगितलं."

मला इतका राग आला की मी पाना खाली ठेवला, नाहीतर तो कुठंतरी फेकला असता. "तुझा तोल गेला? तुझा तोल गेला असेल तर तू गाडी चालवायच्या लायकीची नाहीस, एवढाच त्याचा अर्थ होतो. कळतंय का तुला? ते गाडी काढून घेतील."

"घेऊ द्या."

"घेऊ द्या काय! फोन लावते मी सचिवांना."

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "अक्का, तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. दिरानं हौसेनं चोळलं हुतं. सासूबाई तिथंच बसल्या हुत्या. त्यांच्यामुळं हात मोडला म्हणून म्या बाहेर सांगितलं, तर सांच्याला भाकरी मला त्यांच्याच चुलीवर थापायचीय. एका हातानं."

मी तिला काही शब्द दिला नाही. एवढंच म्हटलं की मी खोटं बोलणार नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय जाऊन सांगणारही नाही. शिवलिंग चहा पिऊन आला. वहिनीला पिकअपमध्ये बसायला त्यानं हात दिला. माणूस वाईट नव्हता. हेच या गोष्टीत वैताग आणणारं आहे. वाईट माणूस असता तर त्याला दोन शब्द ऐकवून मी मोकळी झाले असते.

पुढचा टायर फेकायच्याच लायकीचा होता. मागचा साबणाच्या पाण्यात घासला, तरी भरवसा वाटेना, म्हणून तोही काढला. पॅड नवे आणले, पण चढवले नाहीत. पुढचं जुनं चाक टायरसकट, जुने पॅड, चकती सगळं जसंच्या तसं बाजूला ठेवलं. का ठेवलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

थोड्याच दिवसांत सचिव आले. नेमके त्याच दिवशी शिवलिंग आणि त्याची आई गंगव्वाही मुरुमच्या बाजारातनं परतताना गाडी कुठवर आली ते बघायला उतरले होते. महादेवी घरी होती. गंगव्वा सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. मी त्यांना बसायला टायरवरची गादी दिली.

सचिव म्हणाले, "ताई, गाडी तयार असेल तर घेऊन जातो. आमच्या ऑफिसच्या शिपायाला देतोय."

"आणि महादेवी?"

"ती बरी होऊ दे. पूर्वी जात होती तशी जाईल चालत. बाकी पाच जणींचंही बघावं लागेल आता. जड गाडी आहे, बायकांना नाही झेपत. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर मी त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवू?"

हे ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच काळजी होती. काळजीनं माणूस सहा बायकांच्या पायातली चाकं काढून घेतो आणि वर रात्री शांत झोपतो.

"टायरात काही खोट निघाली का?" त्यांनी विचारलं. "मी तेव्हाच म्हणत होतो, परदेशी राहू द्या."

"टायरात खोट नाही."

"मग चालवणारीत आहे."

मी शिवलिंगकडं बघितलं. तो हायवेवरचे ट्रक मोजत असल्यासारखा बाहेर बघत होता. मी बाजूला ठेवलेलं जुनं चाक काढून समोर धरलं. "गाडी तुम्ही आणलीत. धुळीखालून हा टायर एवढा कशानं चमकतोय?"

"नवा हाय म्हणून," तो म्हणाला.

आणि गादीवरनं गंगव्वा बोलल्या. "यव्वा! नवा कशाचा? पावसाळाभर फिरलीय त्याच्यावर. तेल लावलंय त्याला! म्याच दिलं की वाटीत काढून. घाण्यावरचं करडीचं, बाजारचं न्हवं."

"अव्वा..." शिवलिंग म्हणाला.

"अव्वा काय? खोटं हाय का? दोन्ही चाकं चोळली ह्यानं, सकाळपासनं बसला हुता. ती मधली लोखंडी ताटली बी चोळली, गंजू नये म्हणून. बैलाच्या शिंगाला लावतो, गाडीच्या आसाला लावतो. वर्सातनं एकदा ह्या गाडीला नगं का? पोरीचा जीव हाय तिच्यावर."

सचिव माझ्याकडं बघून म्हणाले, "आमचा ड्रायव्हर तर डिझेल लावतो टायरला. त्यानं खरंच काही होतं?"

मी चाक गाडीला लावलं, जुने पॅड चढवले, गाडी स्टँडवर घेतली आणि चाक जोरात फिरवलं. शिवलिंगला म्हटलं, "ब्रेक दाबा."

त्यानं दाबला. चाक फिरत राहिलं.

"जोरात दाबा."

त्याच्या हाताच्या शिरा वर आल्या. चाक कुंथत फिरतच राहिलं, आपल्या मर्जीनं मंद झालं आणि मग थांबलं. शिवलिंग ट्रॅक्टर चालवतो. त्याला यापुढं समजवायची गरज नव्हती. त्यानं ब्रेकवरचा हात काढला आणि आपल्या तळहाताकडं बघत राहिला.

गंगव्वा पुढं वाकल्या. "थांबंना का त्ये?"

"तेलानं, अव्वा."

"मंग ती पडली ती..." त्या थांबल्या. मग त्यांचा आवाज चढला. "मंग तिनं सांगायचं न्हाय का? तोंड न्हाय का तिला?"

इथं माझा ताबा सुटला. "कुणाला सांगायचं, अव्वा? तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर म्या काय खाल्लं असतं का तिला?"

"ते तुम्हीच सांगा. खाल्लं असतं का?"

गंगव्वांनी बाजाराच्या पिशवीचे बंद घट्ट केले, परत सोडले, परत घट्ट केले. शिवलिंग खालच्या आवाजात सचिवांना म्हणाला, "साहेब, गाडी वहिनीकडंच राहू द्या. माझ्या हातनं झालंय." सचिव म्हणाले, राहू दे, राहू दे, आणि पिकअप रिकामी घेऊन गेले.

म्हणजे गाडी वाचली. इथं संपवलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण महादेवीला तिची गाडी परत मिळाली ती सासूला घाण्यावरच्या तेलाचा अभिमान होता म्हणून. गंगव्वा त्या दिवशी बाजारातनं सरळ घरी गेल्या असत्या, तर आज ती चालत असती. ज्या बाईचा हात मोडला तिच्या तोंडच्या शब्दाला या सगळ्यात काडीचं काम पडलं नाही.

आणि संस्थेनं काय केलं? दुसऱ्या दिवशी सहाही जणींच्या मोबाइलवर सूचना पाठवली: सर्व महिलांनी सायकलच्या टायरला व ब्रेकला तेल लावू नये. महिलांनी! या बायकांनी जन्मात कुठल्या टायरला तेल लावलेलं नाही. त्या कुंकू लावतात. तेलाचं फडकं घरातल्या पुरुषाच्या हातात असतं. त्या सहा पुरुषांना एक ओळ पाठवायला सचिवांना संकोच वाटला. लोकांच्या घरात आपण कसं सांगायचं, असं मला म्हणाले. मी म्हटलं, लोकांच्या घरातल्या बायकांना सांगितलंत की.

महादेवीचा हात बरा झाला. मी पुढं मोकळ्या दातांचा मऊ टायर घातला, मागं टणक, नवे पॅड, नवी चकती. ओढ्यावरची फरशी लांब राहिली, पण तिनं माझ्यासमोर हायवेच्या उतारावर ब्रेक दाबून बघितला, दोनदा, आणि निघून गेली. आठवड्यानं पुन्हा शेळ्या टोचायला लागली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती सकाळीच दुकानात हजर. "अक्का, गाडी ठेवून घ्या."

"काय झालं?"

"काय न्हाय झालं. दसरा झाल्यावर नेते."

"घरी काय सांगितलंस?"

"मोटार उघडलीय म्हणून सांगितलं." आणि हसली. मला हसू आलं नाही. दुपारपर्यंत उरलेल्या पाचही जणी आल्या. एकीनं ब्रेकचं सांगितलं होतं, एकीनं बॅटरीचं, एकीनं तर दुकानातली अक्का आजारी आहे आणि गाडी तिच्याकडंच अडकलीय असं सांगितलं होतं. सहा धडधाकट गाड्या माझ्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या, दुसऱ्या दिवशी हार आणि कुंकू मी लावलं.

संध्याकाळी गंगव्वांचा फोन आला. "पोरी, झाली का गं गाडी? पूजा राहिली तिची."

"नाही अव्वा, मोटार उघडलीय."

"मंग मोटार राहू दे की तिथं. चाकं तरी पाठीव. चाकाची पूजा करतो."

"चाकंही उघडलीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

इतकी वर्षं धंदा केला. गिऱ्हाईकाला न झालेलं काम झालं म्हणून सांगितलं नाही, की चांगल्या टायरला वाईट म्हटलं नाही. आता दर दसऱ्याला मी सहा घरांना खोटं सांगते. का, तर तेलाची एक वाटी बाजूला सारायची सहा धडधाकट बायकांना सोय नाही. त्या येड्या बाभळीच्या रानातनं एकट्या फिरतात, शिंगं मारणारा बोकड गुडघ्याखाली धरतात, आणि घरात ‘नको’ एवढं म्हणता येत नाही. मला गंगव्वांचा राग येतो, शिवलिंगचा येतो, सचिवांचा येतो. सगळ्यात जास्त महादेवीचा येतो, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगितलं आहे.

हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं, नावानिशी लिहू का. ती म्हणाली, "लिहा की. म्या काय बोलले न्हाय, तुम्हीच लिहिलं." बघा. इथंही माझ्यामागं लपली.

शिवलिंगला वाचता येतं. त्यानं हे आईला मोठ्यानं वाचून दाखवावं. हा अंक हातात येईल तोवर यंदाचा दसरा होऊन गेलेला असेल आणि यंदाही सहा गाड्या माझ्याकडं राहून गेल्या असतील. ही शेवटची वेळ. पुढच्या खंडेनवमीला माझ्या अर्ध्या दुकानाचं शटर खाली असेल. महादेवी, गाडी घरीच ठेव. तेलाची वाटी आली की चाकाच्या पुढं तू उभी राहा.